रिकाम्या जागेवरची शिट्टी

ढबू रांगायला लागली त्या आठवड्यात आबांनी कपाटातून आपली जुनी शिट्टी काढली, लख्ख घासली, गळ्यात अडकवली आणि जाहीर केलं, की आजपासून या घरात शिस्त असेल.

उभी हयात त्यांनी शाळेत पीटी शिकवण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यापासून रांगेत उभं करायला कोणी सापडत नव्हतं. त्यांची बायको, म्हणजे सुनेच्या सासूबाई, रांगेत उभ्या राहणाऱ्यांतल्या नव्हत्याच, आणि मुलगा लग्न झाल्यापासून दुसऱ्याच रांगेत गेला होता. नात मात्र आयती हाताशी आली.

शिस्त अशी होती. ढबूची चटई जिथे अंथरायची, तिच्याभोवती आबा खडूने रेघ मारणार. त्या रेघेच्या आत कोणी चपलेचा पाय, गरम कप, टोकदार वस्तू किंवा सर्दी घेऊन यायचं नाही. आलं, की शिट्टी. ढबूने रेघेबाहेर गुडघा टाकला, तरी शिट्टी. ढबूला उचललं, की आबा ओल्या फडक्याने रेघ पुसणार आणि मग ती जागा सगळ्यांना मोकळी. पुसल्याशिवाय मोकळी नाही. घर एवढंसं; चटई कधी सोफ्यापाशी, कधी टेबलाखाली, कधी खिडकीच्या उन्हात. त्यामुळे आबा दिवसभर गुडघ्यांवर, एका हातात खडू, दुसऱ्या हातात फडकं.

“पोरीपेक्षा तुम्हीच जास्त रांगता,” सासूबाई म्हणायच्या.

ढबूने भोकाड पसरलं तर काय करायचं, याचाही नियम होता. भोकाड म्हणजे सामना रद्द. ज्याचे हात रिकामे असतील त्याने तिला उचलून न्हाणीघराकडे पळायचं, रेघबिघ बघायची नाही. आणि आबांनी भोकाड ऐकलं, की आधी फडकं. “काय झालं?” हे नंतर. घरभरच्या सगळ्या रेघा ते एका दमात पुसून टाकायचे, कारण पळापळीत कोण कुठून गेलं याचा हिशोब मागाहून लागत नाही.

सुनेला पहिल्या दिवशी या सगळ्याचं हसू आलं. दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की आपण ऑफिसात हेच करतो आणि त्याचा पगार घेतो.

ती प्रोग्रॅम तपासायची. तिची कंपनी काचपेट्यांचा प्रोग्रॅम लिहायची. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांना ऊब देतात त्या काचपेट्यांचा. ही नोकरी ती आधीपासून करत होती, पण तेव्हा काचपेटी म्हणजे पडद्यावरची एक चौकट होती. मग ढबूच घाईने आली आणि तशाच एका पेटीत पडून राहिली, मुठीएवढं तोंड, टोपी मात्र नाकापर्यंत. पेटीच्या गोल खिडकीतून हात घालून ती तासन्‌तास बसायची. ढबू तिचं एक बोट धरून ठेवायची, जणू सोडलं तर आई निघून जाईल. तेव्हा पेटीच्या कोपऱ्यात उजळलेला तापमानाचा आकडा बघत तिच्या मनात एकच यायचं: हा आकडा कोणीतरी नीट तपासला असेल ना? मग आठवायचं, की ते कोणीतरी म्हणजे मीच.

रजा संपवून ती कामावर गेली, तेव्हा तिने पहिलं काम केलं ते एक पहारेकरी बसवण्याचं. म्हणजे एक साधन, प्रोग्रॅमसोबत चालणारं. प्रोग्रॅममधल्या प्रत्येक लहानमोठ्या कामाला मेमरीत थोडी जागा मिळते. हे साधन त्या जागेभोवती बंदीची पट्टी आखतं. काम संपलं, की पुसतं. मध्येच कोणाचा पाय पट्टीवर पडला, की प्रोग्रॅम जागच्या जागी थांबवतं आणि लाल अक्षरांत ओरडतं. त्याचं खरं नाव लांबलचक होतं. एकदा चहाच्या वेळी तिच्या तोंडून निघून गेलं, “हे तर आमचे आबाच,” आणि तेव्हापासून अख्ख्या ऑफिसात ते आबाच झालं.

ही गोष्ट तिने घरी सांगितली, ही तिची चूक.

“काय, आज कोणाला धरलं आम्ही?” ती दारातून आत आली, की आबा विचारायचे. आम्ही.

“एकाला. दुसऱ्याच्या जागेत लिहीत होता.”

“शाब्बास,” आबा स्वतःला म्हणायचे.

त्यामुळे ऑफिसातले आबा खोटं बोलायला लागले, तेव्हा घरात सुतक आल्यासारखं झालं.

झालं असं, की गेल्या पंधरवड्यापासून पहारेकरी भलत्याच ठिकाणी ओरडू लागला. रिपोर्ट यायचा: अमुक ओळीवर, बंदीच्या जागेत पाय. ती त्या ओळीपाशी जाऊन बघायची, तर तिथे काहीच नाही. स्वच्छ फरशी. असं रोज, आणि दरवेळी नव्या ओळीवर. बहुतेक ओळी दाढीच्या होत्या. दाढी म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावरचा. पेटीतलं तापमान मोजणाऱ्या तारेकडून आकडे घेऊन पडद्यावर दाखवणं हे त्याचं काम, आणि विचार करताना दाढी ओढणं ही त्याची सवय. एवढ्यात ती एका बाजूने विरळ झाली होती.

“माझा कोड धुतल्या तांदळासारखा आहे,” तो म्हणाला. “तुझ्या आबांना चष्मा लाव.”

“चष्मा आहे त्यांना.”

“मग चाळशीचा लाव.”

त्या दोघांच्या साहेब म्हणजे मॅडम. त्या ओरडत नसत, पेनाचं टोपण काढत आणि लावत. त्या दिवशी सकाळी त्यांनी टोपण लावलं आणि म्हणाल्या, “शुक्रवारी काम पुढे द्यायचंय. आज संध्याकाळच्या बैठकीत मला सांगा, आबा खरं बोलतात की खोटं. नक्की सांगता आलं, तर ठेवू. नाही सांगता आलं, तर बंद करू. उठसूट ओरडणाऱ्याकडे माणसं बघेनाशी होतात, मग तो असून नसल्यासारखाच.”

मॅडमचं चूक नव्हतं. पण बंद करायचं म्हणजे उद्या कुठल्यातरी काचपेटीच्या कोपऱ्यातला आकडा कोणी न तपासता उजळणार. आणि बाहेर कोणीतरी एक बोट आत घालून बसलेलं असणार.

दुपारचं काम ती घरून करायची, तसा करारच होता. जेवण उरकून ती झोपायच्या खोलीत बसली, दार लावलं. कानात इअरफोन, त्याची दुसरी बाजू म्हणजे चटईशेजारी ठेवलेली एक पांढरी डबी. नवऱ्याने कालच आणली होती. बाळाने तोंड उघडलं, की डबी तो आवाज थेट आईच्या कानात पोचवते, असं खोक्यावर लिहिलं होतं. “आता दार लावून निवांत काम कर,” तो म्हणाला होता, आणि स्वतः निवांत ऑफिसला निघून गेला होता.

तिला संशय होता तो एक्सेप्शनचा. एक्सेप्शन म्हणजे प्रोग्रॅमने मारलेली बोंब. काम चालू असताना काही भलतंच झालं, समजा तार निसटली, की ते काम सगळं अर्धवट टाकतं, बोंब ठोकतं आणि मधल्या पायऱ्या न उतरता थेट त्या ठिकाणी उडी मारतं जिथे कोणीतरी बोंब झेलायला उभं असतं. पहारेकऱ्याचे रिपोर्ट नेमके अशा उड्यांनंतर येत होते. म्हणून तिने छोट्या छोट्या परीक्षा लिहिल्या. पहिल्याने दुसऱ्याला कामाला लावायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने बोंब मारायची, पहिल्याने झेलायची. मग त्याच जागेवरून चौथ्याला चालवायचं आणि बघायचं, आबा उगाच ओरडतात का.

नाही ओरडले. एकदाही नाही. बोंबेतून बोंब मारून बघितली. झेलता झेलता पुन्हा फेकून बघितली. सगळं हिरवंगार. आबा लहान परीक्षेत शहाण्यासारखे वागत होते आणि मोठ्या प्रोग्रॅममध्ये गेले, की पिसाळत होते.

तिने दाढीला फोन लावला. पडद्यावर त्याचं अर्धं तोंड आलं.

“तुझ्या परीक्षा हिरव्या, म्हणजे तू पास,” तो म्हणाला. “अभिनंदन. आता बंद कर त्यांना.”

“अरे, पण मोठ्यात का ओरडतात?”

“वय झालं असेल.”

तेवढ्यात तिच्या कानात भोकाड पसरलं. साधंसुधं नाही, ढबूचं ते खास भोकाड, ज्याचा अर्थ लंगोट हरला असा असतो. ती खुर्चीतून उठून धावली. बाहेरच्या खोलीत चटईवर ढबू, तोंड उघडं, डोळे मिटलेले. आसपास चिटपाखरू नाही. तिने लेकीला उचललं आणि पांघरूण तिथेच टाकून न्हाणीघर गाठलं.

आबा तेव्हा गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. खाली रस्त्यावर यंत्राने फरसबंदी फोडायचं काम चाललं होतं, म्हणून त्यांनी गॅलरीचं दार घट्ट ओढून घेतलं होतं. भोकाड डबीतून आईच्या कानात पोचलं. आबांच्या कानात यंत्र घरघरत राहिलं. एरवी आईला दार उघडायला वेळ लागायचा, ढबू रडत राहायची, आवाज वाढत वाढत गॅलरीपर्यंत जायचा. आज आई इतक्या चटकन पोचली, की आवाज वाढायला सवडच मिळाली नाही.

झारी रिकामी करून आबा आत आले. रेघ जागच्या जागी. रेघेच्या आत चटई, चटईवर पांघरुणाचा छान गोल ढिगारा. बाळ झोपलंय, आबांनी ठरवलं, आणि चवड्यांवर खुर्चीत जाऊन बसले.

सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. हातात तापवून कोमट केलेल्या दुधाचं पातेलं. न्हाणीघरात नातीचा आवाज येतोय, चटई रिकामी आहे, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी सरळ चटईवरून पाय टाकला.

शिट्टी अशी वाजली, की खालचं यंत्रही क्षणभर थांबलं.

पातेलं पडलं. दूध आधी सासूबाईंच्या पायांवर गेलं, मग चटईवर, मग सोफ्याखाली, जिथून ते आता महिनाभर वास देणार होतं. झोपायच्या खोलीत फोन चालूच होता. दाढीचा आवाज आला, “हे तुझे आबा होते की आपले?”

ती उघड्या ढबूला कडेवर घेऊन बाहेर आली, तेव्हा सासूबाई दुधात उभ्या होत्या आणि त्यांनी हात पुढे केलेला होता.

“आणा ती शिट्टी इकडे.”

“का? माझी शिट्टी खोटी नाही,” आबा म्हणाले. “रेघ होती की नव्हती?”

“रेघ होती. पोर कुठे होती?”

“पाय रेघेच्या आत पडला की नाही?”

“अहो, आत काय पांघरुणाला सांभाळत होता? पोर तिकडे आंघोळ करतेय, आणि तुम्ही इकडे माझ्यावर शिट्ट्या मारताय.”

“मग ते मला कोणी सांगितलं?” आबांचा आवाज एकदम लहान झाला. “मी भोकाड ऐकलं, की आधी फडकं घेतो. आजवर एकदा तरी चुकलोय? मला ऐकूच आलं नाही. कोणी सांगितलं मला?”

सासूबाईंनी आबांच्या गळ्यातून शिट्टी काढून घेतली आणि दुधाळ पावलं उमटवत आत गेल्या. आबा तिथेच बसले, गळ्यावरून हात फिरवत. खेळाडूला मैदानाबाहेर काढावं तसे.

सून जागच्या जागी उभी राहिली. ढबू तिच्या कमरेवर ओल्या पायांनी ताल धरत होती. मला कोणी सांगितलं. तिची नजर चटईशेजारच्या पांढऱ्या डबीवर गेली.

“आबा,” ती म्हणाली, “तुमचं अगदी बरोबर आहे.”

“मला समजूत नकोय.”

“समजूत नाही. खरंच बरोबर आहे. हिला धरा जरा.”

उघडी नात आजोबांच्या मांडीवर ठेवून ती खोलीत पळाली. दाढी फोनवर होताच.

“अरे, पंधरवड्यापूर्वी तू काय बदललंस?”

“काही नाही.”

“आठव.”

त्याने दाढी ओढली. “तसं काही नाही. पेटीला बाहेरच्या कशावर अवलंबून राहायला नको, म्हणून बोंब मारायची सगळी यंत्रणा प्रोग्रॅमच्या पोटातच भरली. आपली स्वतःची नक्कल. चांगलंच केलं ना?”

“चांगलंच केलंस. आमच्याकडेही कालच तशी एक डबी आणलीय.”

सगळे प्रोग्रॅम बोंब मारतात ती एका ठरावीक, सामायिक वाटेने. पहारेकरी त्याच वाटेवर कान देऊन बसलेला असतो: बोंब ऐकली, की उडी पडायच्या आत मधल्या सगळ्या पट्ट्या पुसायच्या. तिच्या छोट्या परीक्षा त्याच वाटेने जात होत्या, म्हणून हिरव्या. मोठा प्रोग्रॅम मात्र पंधरवड्यापासून खाजगी वाटेने बोंबलत होता. पहारेकऱ्याच्या कानावर काही जातच नव्हतं. मधली कामं कधीच उठून गेलेली, त्यांच्या पट्ट्या तशाच, आणि मागून येणाऱ्या गरिबाचा पाय पडला, की शिट्टी. ओळ निर्दोष, पहारेकरीही निर्दोष. दोघांच्या मध्ये एक पांढरी डबी.

पण हे बैठकीत नुसतं सांगून चालणार नव्हतं, दाखवायला हवं होतं. तिने दोन परीक्षा लिहिल्या, जुळ्या बहिणींसारख्या, अक्षराचाही फरक नाही. फरक फक्त वाटेचा: एक सामायिक वाटेने बोंबलणार, दुसरी खाजगी. मध्ये ढबू दोनदा येऊन गेली. एकदा तिने कळफलकावर हात आपटून तिसरी परीक्षा लिहिली, ती मात्र चालली नाही.

संध्याकाळी पडद्यावर मॅडम आल्या. इकडे आईच्या मांडीवर ढबू, मुठीत आईचं एक बोट.

“सांगा,” मॅडम म्हणाल्या.

पहिली बहीण चालवली: आबा गप्प. दुसरी चालवली: लाल अक्षरं, रिकाम्या जागेवर. मग तिने दुसरीत एक ओळ घातली. बोंब मारायच्या आधी पहारेकऱ्याला सांगायचं, बाबा रे, आम्ही निघालो. पुन्हा चालवली. गप्प.

मॅडमनी टोपण काढलं. “म्हणजे ते खोटं बोलत नव्हते.”

“नाही. त्यांना कोणी सांगत नव्हतं.”

“मोठ्या प्रोग्रॅममध्ये घाला ती ओळ. आत्ता. मी थांबते.”

घातली. मोठा प्रोग्रॅम लहानासारखा पटकन होत नाही. सगळे पडद्याकडे बघत बसले, ढबू मॅडमच्या टोपणाकडे. एकेक जुनी तक्रार हिरवी होत गेली. शेवटाला आल्यावर एक उरली. लालच.

“उरलीच ना,” दाढी म्हणाला. “सांगून झालं, पुसून झालं, तरी ओरडतातच. आता तरी कबूल कर, सवय लागलीय त्यांना.”

तिने ती ओळ उघडली. इथे पट्टी पुसायची राहिलेली नव्हती. ही जागा कामापुरती उसनी घेतलेली होती, आणि उसनी जागा परत केली, की पहारेकरी तिच्यावर पूर्ण बंदी घालतो. बोंब पडताच ती रीतसर परत केली गेली होती. आणि झेलणारा बोंब झेलल्यावर तिथेच वाकून आकडा वाचत होता.

“तुझी ओळ आहे,” ती हळूच म्हणाली. “तार निसटली, की हे चालतं. जागा परत केलेली, पण जुना आकडा तिथे बहुतेक वेळा तसाच पडून असतो. तोच उचलून तू पडद्यावर दाखवतोस.”

“म्हणजे?”

“म्हणजे तार निघालेली असेल, पेटी गार पडत असेल, आणि कोपऱ्यात छान आकडा उजळत असेल.”

दाढीचा हात दाढीपाशी गेला आणि ओढायचं विसरून तिथेच राहिला. तिच्या मांडीवर ढबूने बोट जरा आवळलं. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, तिला ढेकर येत होती.

“मग,” मॅडमनी विचारलं, “बंद करायचे का आबा?”

“नको,” दाढी म्हणाला. “राहू दे म्हाताऱ्याला. मी रात्री बसून दुरुस्त करतो ते.” मग जरा थांबून, “चष्म्याचं मी मागे घेतो.”

मॅडमनी टोपण लावलं. बैठक संपली.

ती खोलीबाहेर आली. फरशी पुसलेली होती, आबा टेबलाखाली गुडघ्यांवर नवी रेघ मारत होते, पण मन लागत नव्हतं. रेघ वाकडी येत होती. सासूबाई सोफ्याखाली नाक घालून वास घेत होत्या.

तिने ढबूला चटईवर ठेवलं.

“आबा, तुम्ही राहिलात.”

आबांनी मान वर केली, टेबलाला टाळू आपटली, पण तिकडे लक्ष दिलं नाही. “आणि शिट्टी?”

“एक खरी निघाली. फार मोठी खरी. बाकीच्या वेळी आबांना कोणी सांगितलंच नव्हतं.”

आबा टेबलाखालून सावकाश बाहेर आले, उभे राहिले, आणि सोफ्याखालच्या सासूबाईंकडे नुसते बघत राहिले. सासूबाईंना पाठीवर ते बघणं लागलं असावं.

“बरं, बरं,” त्या तिकडूनच म्हणाल्या. “पण मला आज दूध लागलंय पायांना, त्याचं काय?”

“त्याचा दोष या डबीचा,” सून म्हणाली, आणि स्वतःच्या कानातला इअरफोन काढून तिने आबांच्या कानात बसवला. “आजपासून हे तुमच्याकडे. मी तर दाराआडच असते. मला ऐकू येतंच.”

आबांनी कान चाचपला. छाती किंचित पुढे आली. “आणि माझी दुसरी वस्तू?”

सासूबाई उठल्या. शिट्टी त्यांनी अशा ठिकाणी लपवली होती, जिथे हे माणूस मेलं तरी हात घालणार नाही: खेळण्यांच्या टोपलीत, कारण ती टोपली आवरायला आबा आजवर कधी फिरकले नव्हते. त्यांनी टोपली चटईपाशीच उपसली. बाहुली निघाली, चेंडू निघाला, एक चमचा निघाला जो कधीपासून हरवला होता. शिट्टी नाही.

“इथेच ठेवली होती,” त्या म्हणाल्या. “थांब, तू बघ गं तिकडे.”

सून वळली आणि उजेड करायला दिव्याच्या बटणाकडे तिने पाऊल उचललं. पायात चप्पल होती. पाऊल वाकड्या रेघेच्या आत पडलं.

मागून आवाज आला. शिट्टीचाच, पण लाळेने भरलेला, ओला, बुडबुड्यांचा. फुर्रर्र.

तिने वळून बघितलं. चटईच्या मधोमध ढबू बसलेली, गाल फुगलेले, तोंडात शिट्टी, डोळे आईच्या चपलेवर रोखलेले.

“शाब्बास,” आबा म्हणाले, या वेळी नातीला.

आईने एका पायावर उभं राहून चप्पल काढली.